कॉम्प्युटर असेंबल करताना: आधी भिंतीतला प्लग बघा, मग प्रोसेसर

मागच्या उन्हाळ्यात भाच्याचा लातूरहून फोन आला. "मामा, रॅम बसंना. अजून जोर लावून बघू का?"

"हात काढ आधी!" मी ओरडलोच.

पोरानं सहा महिने पैसे साठवून एकेक पार्ट ऑनलाइन मागवला होता. मदरबोर्ड, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात ती पाटी, बी७६० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप). रॅम, म्हणजे मशीनची तात्पुरती मेमरी, डीडीआर५ जातीची. कागदावर दोन्ही बरोबर, कारण बी७६० चिपसेटला डीडीआर४ पण चालते आणि डीडीआर५ पण. मात्र एका बोर्डावर दोन्हींपैकी एकाच जातीचे स्लॉट असतात, आणि त्यानं घेतलेल्या बोर्डाच्या लांबलचक नावाच्या शेपटीला 'डी४', म्हणजे डीडीआर४, असं लिहिलेलं होतं. ती शेपटी त्यानं वाचलीच नव्हती. दोन्ही रॅमच्या पट्ट्या सारख्याच लांबीच्या, दोन्हींना २८८ पिना, फक्त मधली खाच जराशी सरकलेली. ती खाच म्हणजेच कंपनीनं घातलेलं कुंपण. आणखी जोर लावला असता तर स्लॉट तुटला असता.

तेव्हापासून पहिल्यांदा मशीन जुळवणाऱ्या कुणी विचारलं की मी काय सांगतो, ते इथं एकदाच लिहून टाकतो. परभणीत बसून लिहितोय, त्यामुळे यात ऊन, धूळ आणि लाईट यांचा जरा जास्तच उल्लेख येईल. पुण्या-मुंबईच्या लोकांनी तेवढा भाग गाळून वाचावा.

लाईट आणि अर्थिंग

यूट्यूबवरचे सगळे व्हिडिओ प्रोसेसरपासून सुरू होतात. मी भिंतीतल्या प्लगपासून सुरू करतो, कारण माझं पहिलं मशीन तिथंच मेलं. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस (भिंतीतली लाईट मशीनला चालेल अशी करून देणारा डबा) होता, त्यावर ४५० वॅट असं मोठ्या अक्षरात छापलेलं. गल्लीतली डीपी बिघडली, दुरुस्त होऊन लाईट आली ती चढ्या व्होल्टेजनं, आणि जाताना एसएमपीएस मदरबोर्डलाही सोबत घेऊन गेला. वजनानं तो इतका हलका होता की खरं तर हातात घेतल्यावरच शंका यायला हवी होती.

तर वायरमनला बोलवा आणि कॉम्प्युटर ठेवणार त्या प्लगवर मीटर लावायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास व्होल्ट हवेत. फेज आणि अर्थिंगमध्ये जवळजवळ तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मात्र दोन-तीन व्होल्टच्या वर जायला नको. अर्थिंग नसेल तर पॅनेलला हात लागला की झिणझिण्या येतात. लोक म्हणतात 'कॅबिनेट करंट मारतंय, पीस खराब निघाला'. पीस चांगलाच असतो. एसएमपीएसमधल्या फिल्टरचा किंचित करंट अर्थिंगच्या वायरीनं जमिनीत जायचा असतो, ती वाटच नसेल तर तो पत्र्यावर थांबतो.

आपल्याकडची आणखी एक गंमत. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची माती अशी सुटली की दिवाळीत चांगलं असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरतं उरतं. जुने वायरमन खड्ड्यात मीठ-कोळसा टाकून उन्हाळाभर पाणी घालायला सांगतात ते उगाच नाही. आठवड्याला दोन बादल्या घाला.

मग संध्याकाळी सातच्या सुमाराला पुन्हा एकदा व्होल्टेज मोजा, सगळ्या गल्लीचे कूलर आणि मोटारी चालू असतात तेव्हा. आकडा १८०च्या खाली उतरत असेल तर तो लिहून ठेवा. एसएमपीएस घेताना त्याच आकड्याचं काम पडणार आहे.

मशीन कशासाठी हवंय?

हे एका ओळीत लिहा. 'सगळ्यासाठी' असं लिहू नका. नीट-जेईईचे व्हिडिओ आणि टेस्ट सिरीज, दुकानाची टॅली, ई-सेवा केंद्रातले अर्ज आणि प्रिंट, यांना ग्राफिक्स कार्ड (चित्र तयार करणारं वेगळं कार्ड) लागत नाही. लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करणार असाल तर लागतं, आणि रॅमही ३२ जीबी लागते. गेम खेळायचे असतील तर बजेटचा सगळ्यात मोठा तुकडा ग्राफिक्स कार्डाला जातो. बैलजोडीसारखं आहे हे. एक बैल दांडगा आणि दुसरा अडेल असला की तास वाकडंच जातं, मग दांडग्यासाठी मोजलेले पैसेही वाया.

प्रोसेसर, बोर्ड, रॅम: ही तिकडी एकदमच ठरते

या तिघांपैकी एकही एकटा घ्यायचा नाही. 'आज ऑफर आहे, बोर्ड घेऊन ठेवतो, प्रोसेसर पुढच्या महिन्यात बघू' असं करणाऱ्यांच्या घरात न वापरलेले बोर्ड पडून असतात.

पहिली गाठ सॉकेटची, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेची. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए१७०० सॉकेटमध्ये बसतात. त्यासाठीचे चिपसेट म्हणजे एच६१०, बी६६०, बी७६०, झेड६९०, झेड७९० वगैरे. त्यानंतरच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेचं सॉकेट वेगळं, एलजीए१८५१, आणि तिथं फक्त डीडीआर५ चालते. एएमडीकडे सरळ दोन घरं आहेत: जुनं एएम४, तिथं डीडीआर४, आणि २०२२ मध्ये आलेलं एएम५, तिथं फक्त डीडीआर५. रायझन ५००० पर्यंतचे एएम४ मध्ये. डेस्कटॉपचे ७०००, ८००० आणि ९००० एएम५ मध्ये.

सॉकेट जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं मात्र समजू नका. इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या, दोन्ही जोड्यांच्या सॉकेटचं नाव एलजीए११५१ च होतं. तरी आठव्या पिढीचा प्रोसेसर सहाव्या पिढीच्या बोर्डात चालत नाही. म्हणून दुसरी गाठ बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामची. बोर्डाला कारखान्यातून निघताना पुढं येणाऱ्या प्रोसेसरची ओळख नसते. एच६१० बोर्ड बाराव्या पिढीसोबत आले, बी६५० बोर्ड रायझन ७००० सोबत. दुकानात वर्ष-दीड वर्ष धूळ खात पडलेला बोर्ड उचललात आणि त्यात चौदावी पिढी किंवा रायझन ९००० बसवलात, तर पंखे फिरतील आणि स्क्रीन काळीच राहील.

यावर उपाय सोपा आहे. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं पान उघडा. तिथं चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते आणि प्रत्येकासमोर बायोसचं कितवं व्हर्जन हवं ते लिहिलेलं असतं. दुकानदाराला म्हणा, "बायोस अपडेट करूनच द्या." तो कां-कूं करत असेल तर मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड बघा. त्यात पेन ड्राइव्ह लावून, प्रोसेसर न बसवताही, अपडेट होतं.

रॅमबद्दल भाच्यानं आधीच शिकवलंय, बाकी थोडक्यात सांगतो. १६ जीबी हवी असेल तर शक्यतो ८-८ च्या दोन पट्ट्या, एकाच पाकिटातल्या जोडीच्या. दोन पट्ट्या म्हणजे दोन रस्ते, आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम भागवणार असाल तर हा फरक डोळ्यांना दिसतो. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. तरी बोर्डाच्या पुस्तिकेत एकदा बघाच. पाकिटावरचा वेग आपोआप मिळत नाही, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (एएमडीकडे एक्सपो) नावाची सेटिंग चालू करावी लागते. आणि लॅपटॉपची छोटी पट्टी डेस्कटॉपला बसत नाही. हे सांगायला लागू नये, पण मला दोघांना सांगावं लागलंय.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले, त्यामुळे घरात चांगली डीडीआर४ पडलेली असेल तर तिच्याभोवती एएम४ किंवा डीडीआर४ वाला एलजीए१७०० बोर्ड जुळवण्यात कमीपणा नाही. हातातली रॅम नीट धरून बाकीचं ठरवा.

'एफ' नावाचं अक्षर

इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल, जसं आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नाही. म्हणजे वेगळं कार्ड लावल्याशिवाय मॉनिटरवर काहीच येणार नाही. एचडीएमआयचं भोक बोर्डावर दिसतं, केबलही बसते, फक्त चित्र नाही. एएमडीचं उलटं आहे. रायझन ५००० मध्ये ५६००जी सारखं जी असेल तरच ग्राफिक्स मिळतं. नुसत्या ५६०० मध्ये नाही. रायझन ७००० मध्ये बहुतेकांना कामापुरतं ग्राफिक्स आहे, ७५००एफ सारखे सोडून. हजार-दोन हजार वाचवायला एफवाला घेतला आणि मग चित्र यावं म्हणून कार्ड शोधत फिरले, असे गिऱ्हाईक प्रत्येक दुकानदारानं पाहिलेत.

'आय७ आहे साहेब, फक्त बारा हजारात'

हा सापळा आपल्याकडे जागोजागी लावलेला आहे. चकचकीत कॅबिनेट, रंगीत पंखे, आत आय७, १६ जीबी रॅम. विचारा, "कितवी पिढी?" उत्तर बहुधा 'तिसरी' असं येतं, किंवा येतच नाही. आय७-३७७० हा २०१२ चा प्रोसेसर आहे. त्याखाली एच६१ चा नवा बनवलेला स्वस्त बोर्ड असतो, रॅम डीडीआर३. त्यातला एकही पार्ट पुढच्या मशीनला कामाला येत नाही. शिवाय विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा रायझन २००० पासून पुढचा प्रोसेसर लागतो. आडमार्गानं विंडोज ११ टाकून देणारे भेटतात, पण ज्या मशीनवर बँकेचं आणि गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाचं काम चालतं तिथं आडमार्ग नको. आय७ हे नाव आहे, पिढी हे वय. सोयरीक जमवताना वय विचारतो ना आपण?

जुनं घेऊच नका असं मी म्हणत नाही. आठव्या पिढीपासून पुढची कंपन्यांतून निघालेली मशीनं टॅलीसाठी झकास चालतात. मात्र त्यातल्या बऱ्याच मशीनचे बोर्ड आणि एसएमपीएस त्या त्या कंपनीच्या खास मापाचे असतात, बाजारातला साधा एसएमपीएस त्यांना लागत नाही. पुढं ग्राफिक्स कार्ड लावायचं असेल तर त्या वाटेनं जाऊ नका.

ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस

कार्ड बसतं की नाही हा प्रश्न आता फारसा उरला नाही, सगळीकडे तोच पीसीआय एक्सप्रेसचा लांब स्लॉट आहे. प्रश्न असतो लांबीचा आणि विजेचा. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये बघा आणि कॅबिनेटच्या पानावर किती लांबीचं कार्ड मावतं ते बघा. पुढच्या पंख्यांची जाडीही त्यातून वजा करा.

विजेचं गणित असं. स्लॉट स्वतः जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यापेक्षा जास्त खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी केबल लागते: सहा पिनी ७५ वॅटची, आठ पिनी १५० वॅटची. उदाहरण घेऊ. आय५-१२४००एफ जोर लावल्यावर ११७ वॅटपर्यंत जातो. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅटचं. बोर्ड, रॅम, एसएसडी (फायली साठवणारी डिस्क), पंखे यांचे ६०-७० धरा. झाले ३०० वॅट. अशा मशीनला चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस आरामात पुरतो, साडेसातशेचा कशाला? पण 'चांगल्या कंपनीचा' हे शब्द महत्त्वाचे. ८० प्लसचं (वीज कमी वाया घालवत असल्याचं) चिन्ह बघा, पाच वर्षांची वॉरंटी बघा, आणि मुख्य म्हणजे लेबलवर इनपुट काय लिहिलंय ते वाचा. काही स्वस्त मॉडेलवर २००-२४० व्होल्ट असतं, चांगल्यांवर १००-२४०. तुमच्या वहीत संध्याकाळचा आकडा १७५ असेल तर २००-२४० वाला तिथंच बाद झाला. १००-२४० वाला एसएमपीएस १७५ ला कुरकुरत नाही.

एक इशारा. काढता-घालता येणाऱ्या केबलींचा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसच्या केबली त्याला लावू नका. टोक बसतं, पण आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो. एका ठिणगीत एसएसडी जाते, आणि तिच्यातलं लग्नाचं शूटिंगही. ते लग्न काही पुन्हा लागणार नाही.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांत गल्लत नको. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. बिनकार्डाच्या मशीनला तो पुरतो. वरच्या उदाहरणातल्या मशीनला, मॉनिटर धरून, हजार व्हीएच्या पुढचा घ्या. घरच्या इन्व्हर्टरवरच चालवायचं असेल तर तो साइन वेव्हचा असावा आणि त्याचं बटण यूपीएस मोडवर असावं. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चांगला एसएमपीएस गुणगुणतो, कधी सरळ बंद पडतो. तो बिघडलेला नसतो, त्याला ती लाईट पचत नसते.

ऊन, धूळ आणि दोन कूलर

आपल्याकडे कूलर म्हटलं की खस लावलेला, पाण्याचा. प्रोसेसरवरच्या पंख्यालाही कूलरच म्हणतात, त्यामुळे दुकानात विनोद होतात. पण या दोघांचं नातं नीट समजून घ्या.

परदेशातले रिव्ह्यू बावीस-पंचवीस अंशांच्या खोलीत घेतलेले असतात. खोली जितके अंश तापते, प्रोसेसरही साधारण तितकेच अंश वर चढतो. तिथं ७२ दिसला तर मे महिन्यातल्या आपल्या ४० अंशांच्या खोलीत तो ८७ ते ९० ला पोचणार. रायझन ५६०० ची कमाल मर्यादा ९० आहे, बाराव्या पिढीच्या आय५ ची १००. मर्यादेला टेकला की प्रोसेसर जळत नाही, वेग कमी करतो. तुम्हाला वाटतं मशीन 'हँग' होतंय. म्हणून डब्यातल्या फुकट पंख्यावर टॅली चालवा, एडिटिंग नको. त्यासाठी टॉवर कूलर घ्या. घेताना त्याची उंची आणि कॅबिनेटमधली मोकळी उंची जुळवा. १५८ मिलिमीटरचा कूलर आणि १५५ ची जागा असेल तर तीन मिलिमीटरसाठी काचेचं दार कायम उघडं राहतं. शिवाय कूलरच्या खोक्यावर तुमच्या सॉकेटचं नाव हवं. एलजीए१७०० च्या भोकांमधलं अंतर आधीच्या सॉकेटपेक्षा वेगळं आहे, जुना कूलर नव्या क्लॅम्पशिवाय बसत नाही.

कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, काचेचं नको. पुढून हवा आत घेणारे पंखे मागच्यापेक्षा जास्त ठेवा आणि त्यांच्यापुढं काढून धुता येईल अशी फिल्टरची जाळी. म्हणजे हवा फटीफटीतून न येता गाळून येते. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या जवळ राहणाऱ्यांनी ही जाळी दर पंधरा दिवसांनी बघावी. हीटसिंकवर (प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या पत्र्यांवर) जमलेलं ते रुईचं गोधडं मी हातानं सोलून काढलेलं आहे.

आणि पाण्याच्या कूलरच्या झोतात कॅबिनेट कधीच ठेवू नका. गार हवा मिळते म्हणून मोह होतो. पण त्या हवेत पाण्याचे बारीक कण असतात, बोअरच्या पाण्यात क्षार असतात. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर दिसतो तोच हळूहळू बोर्डावर बसतो. खोली कूलरनं गार करा, मशीन झोताच्या बाजूला ठेवा.

राहिलेलं

एसएसडीमध्ये एकच गोंधळ होतो. एम.२ आकाराची पट्टी दोन जातींची असते, एनव्हीएमई आणि साटा. दिसायला भावंडं, पण बऱ्याच नव्या बोर्डांचा एम.२ स्लॉट फक्त एनव्हीएमईलाच ओळखतो. आणि एच६१० बोर्डावर किंवा ५६००जी सोबत जेन ४ ची, म्हणजे पुढच्या पिढीच्या वेगाची, महागडी एसएसडी लावली तरी ती जेन ३ च्याच वेगानं धावते. चालते व्यवस्थित, फक्त जास्तीचे पैसे कशाला द्यायचे?

बोर्डाचा आकार: एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४. छोटा बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसतो, उलटं होत नाही.

आता एका कागदावर सगळ्या पार्टांची पूर्ण नावं, शेपटीसकट, लिहा आणि दोन दुकानांत तीच यादी द्या. 'हा नाही, पण याच्यासारखाच आहे' असं उत्तर आलं की त्या नव्या नावाची सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून करा. सगळ्यात जास्त चुका याच क्षणी होतात. पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. १८ टक्के टॅक्स वाचवायला कच्च्या पावतीवर घेतलेल्या पार्टची वॉरंटी मागायला गेलात की तीच पावती आडवी येते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ट्रॅव्हल्सनं पार्सल मागवणार असाल तर खोकं फोडतानाचा व्हिडिओ काढा, आणि बिघडलं तर माल कुठं पाठवायचा, खर्च कुणाचा, ते पैसे देण्याआधी विचारा.

सगळं घरी आलं की लगेच कॅबिनेटमध्ये ठोकू नका. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस लावा. एफवाला असेल तर कार्डही. चालू करून बायोस दिसतो का बघा. हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या एखाद्या लोखंडी वस्तूला शिवून घ्या, हिवाळ्यात तर नक्कीच. बायोस दिसला की मग कॅबिनेट.

भाच्यानं रॅम बदलून घेतली, खोक्यावर चालवून पाहिली, अकरा स्क्रू आवळले, सगळ्या केबली मागून ओढून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधल्या आणि फोटो पाठवला. फोटोत टेबलावर, खोक्याशेजारी, चकचकीत पत्र्याची एक चौकोनी पट्टी पडलेली दिसत होती. ती बोर्डाच्या मागच्या भोकांभोवतीची झाकणी. बोर्ड बसवायच्या आधी, आतून लावायची असते.